नथीचा आकडा

मराठीत आकडा म्हणजे संख्या, आणि आकडा म्हणजे नाकात अडकवायची वाकडी तारसुद्धा. इंग्लंडात घरबसल्या नथी करून विकणाऱ्या बायकांना यातला दुसरा आकडा पटकन जमतो. चार-पाच व्हिडिओ पाहिले, दहा-बारा तारा वाया घालवल्या की हात बसतो. पहिला मात्र कितीतरी जणींना दोन-दोन दिवाळ्या होऊन गेल्या तरी जमत नाही, आणि तोवर पक्कड, मोत्याचे सर, मखमली डब्या सगळं खोक्यात जाऊन माळ्यावर पडतं.

सुरुवात बहुतेक वेळा हळदीकुंकवात होते. स्लाव असो, रेडिंग असो की मिल्टन कीन्स; कुणाच्या तरी नाकातली नथ नजरेत भरते. "कुठून मागवलीस गं?" "मीच केलीय." "अय्या, मलाही करून दे की!" मग आठ पाउंड की दहा, यावर दोघीही अवघडतात. मागणारीला वाटतं विचारू कसं, करणारीला वाटतं सांगू कसं. शेवटी "दे गं काय द्यायचे ते" यावर सौदा होतो. धंद्याचा पाया जर कुठे कच्चा राहत असेल तर तो या वाक्यात.

किमतीकडे येऊच. आधी नथ.

घरी होणारी नथ बहुतेक करून दाबाची असते. इंग्लंडात वाढलेल्या मुलींनी नाक टोचलेलं नसतं, टोचलेलं असलं तरी छिद्र बारीक चमकीपुरतं, त्यातून नथीची तार जात नाही. सांगाड्याला ०.८ मिलिमीटरची तार पुरते. साधारण १५ सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, जाड पेनाभोवती वळवून गोल करायचा आणि तोंडाशी दीड ते दोन मिलिमीटरची फट ठेवायची. फट मोठी राहिली तर नथ जेवणाच्या ताटात पडते, अगदी कमी ठेवली तर दहा मिनिटांत नाकपुडी ठणकायला लागते. तारेची टोकं कापल्यावर तशीच सोडायची नाहीत. आधी बारीक कानस, मग ६०० नंबरचा पॉलिश कागद, आणि शेवटी टोक स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून पाहायचं. बोटाला न जाणवणारी कुसळ ओठाला जाणवते. तपासलेलं टोक मग पुसून घ्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

मोती ओवायची तार निराळी, आणि घोळ होतो तो इथे. पुण्यामुंबईतला दुकानदार "२८ गेज" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुधा तारेच्या जाडीचं जुनं ब्रिटिश माप असतं, म्हणजे जवळपास ०.३८ मिलिमीटर. व्हिडिओतली अमेरिकन बाई "२८ गेज" म्हणते तेव्हा ती ०.३२ मिलिमीटर असते. फरक केसाएवढा, पण मोत्याचं छिद्रही केसाएवढंच. चार मिलिमीटरच्या गोड्या पाण्यातल्या मोत्याचं छिद्र साधारण ०.७ च्या आसपास असतं आणि नथीच्या घोसात एकेका मोत्यातून तार दोनदा जाते. अमेरिकन २८ च्या दोन तारा मिळून ०.६४, त्या जातात. ब्रिटिश २८ च्या दोन मिळून ०.७५ होतात, त्या अडकतात; जोर लावला की मोती छिद्रापाशी तडकतो आणि सगळा घोस सोडवावा लागतो. म्हणून गेज विसरायचं आणि मिलिमीटरमध्ये बोलायचं. तीन मिलिमीटरचे मोती असतील तर छिद्र आणखी बारीक, तिथे ०.२ ची तार. छिद्र मोठं करायचंच झालं तर मोती पाण्यात बुडवून हाताच्या रिमरने हळूहळू. कोरडा घासला तर तापून चिरतो, आणि त्याची पूड श्वासात जाणं चांगलं नाही.

घोसाचं गणित मात्र सुरेख आहे. मध्ये चार मिलिमीटरचा लाल मणी ठेवला तर भोवती त्याच मापाचे बरोबर सहा मोती बसतात. मोती तीनचे घेतले तर सात. मणी पाचचा आणि मोती तीनचे असतील तर आठ बसतात आणि नखाएवढीही फट उरत नाही. "माझं फूल डगमगतं" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या जणींनी पाचच्या मण्याभोवती सात मोती बसवलेले असतात. बारीक तार एका वेळी ६० सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नये. लांब तारेला पीळ पडतो, पीळ ओढून सरळ केला की ती जागा कडक होते आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला तिथेच तुटते.

दाबाच्या नथीचं वजन तीन-चार ग्रॅमच्या वर गेलं की ती मान टाकते, म्हणजे घोस खाली कलतो आणि फुलाची पाठ दिसायला लागते. म्हणून ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ही चैन समजू नये. आणि डावी-उजवी बाजू. नथ डाव्या नाकपुडीत, हे आपण गृहीत धरतो. गिऱ्हाईक समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो पाठवून "अशीच हवी" म्हणतं, तो फोटो पुष्कळ फोनांत आरशासारखा उलटा असतो आणि आपण इमानेइतबारे उजव्या नाकाची नथ करून पाठवतो. ऑर्डर घेताना बाजू शब्दांत लिहून घ्यावी.

आता धातू. भारतातून आणलेल्या स्वस्त सोनेरी तारेत आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पितळेवर आधी निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा नावापुरता मुलामा, हा सर्रास प्रकार. नथ रोज एकाच जागी घासते, त्यात घाम. मुलामा सर्वांत आधी उडतो तो नेमका नाकाला टेकणाऱ्या टोकावरून. खाली तांब्याचा अंश असेल तर हिरवा डाग पडतो, तो साबणाने जातो. निकेल असेल तर खाज आणि पुरळ येतं, आणि निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सोबत करते. ब्रिटनच्या कायद्यात म्हणूनच मर्यादा आहे: त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या भागातून ०.२ पेक्षा. मुलामा असेल तर दोन वर्षांच्या वापराएवढी झीज करून मग तपासणी होते, त्यामुळे "वर सोनं आहे ना" ही सबब चालत नाही. शिवाय दागिन्याच्या धातूत कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या आत हवं. सगळ्यात फसवं प्रकरण जर्मन सिल्व्हर. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, जस्त आणि भरपूर निकेल. ऑक्सिडाइज्ड म्हणून तुळशीबागेतून हौसेनं आणलेलं हे सामान इथे विकायला मांडू नये, आणि त्याला सिल्व्हर म्हणणं तर दुसऱ्या कायद्यात अडकतं.

तो दुसरा कायदा १९७३ चा, हॉलमार्कचा. चांदीची म्हणून विकलेली वस्तू ७.७८ ग्रॅमच्या वर असेल तर तिच्यावर परख कार्यालयाचा, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या कार्यालयाचा, शिक्का लागतो. बर्मिंगहॅमचं कार्यालय १७७३ पासून चालू आहे आणि त्याची खूण जहाजाचा नांगर आहे, समुद्र मैलोन्‌मैल लांब असलेल्या गावाची खूण नांगर! वजन धरताना मोती-खडे सोडून फक्त धातू धरतात, म्हणून दोन-अडीच ग्रॅम तारेची ९२५ चांदीची नथ शिक्क्याविना चांदीची म्हणून विकता येते. पण हात बसल्यावर चांदीची ठुशी करायला घ्याल, तर ती बहुतेक वेळा मर्यादेपलीकडे जाईल. सोन्याची मर्यादा १ ग्रॅमच आहे. पितळेवर मुलामा असेल तर "सोन्याचा मुलामा" हे दोन्ही शब्द लिहायचे. नुसतं "सोन्याची" लिहिलं की गुन्हा.

यातला एक गंमतीचा भाग असा की ज्या नथीवाचून मराठी नवरी अपुरी वाटते, ती मुळात इथली नसावी. प्राचीन संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा उल्लेख सापडत नाही, ही चाल मागाहून बाहेरून आली, असं भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी पुराव्यांनिशी मांडलं होतं. परदेशातून आली आणि घरची झाली. स्लावच्या स्वयंपाकघरात बसून ती वळताना हे आठवायला हरकत नाही.

तर किंमत.

चारच्या मोत्यांचा ४० सेंटिमीटरचा सर घेतला की त्यात शंभरेक मोती येतात. सर १४ पाउंडांना धरा. सहातला एक मोती चपटा, डागाळलेला किंवा तिरक्या छिद्राचा निघतो, म्हणजे कामाचे राहिले ८४, एक मोती पडला १७ पेन्सला. नथीला १५ लागले तर अडीच पाउंड. मुलाम्याची चांदीची तार आणि लाल-हिरवे मणी २.१०. डबी, कार्ड, पाकीट १.१०. टपाल ३. नथ २४ पाउंडांना, टपालखर्चासकट, एट्सी या हातकामाच्या वस्तू विकायच्या संकेतस्थळावर लावली तर सध्याच्या दराने साडेसहा टक्के दलाली, पैसे घेण्याचे ४ टक्के अधिक २० पेन्स, आणि यादीत टाकण्याचे २० सेंट, मिळून २.९० च्या आसपास. इथवर झाले ११.६०. उरले १२.४०. "म्हणजे निम्म्याहून जास्त नफा!" इथेच वही मिटली जाते.

नथ करायला लागली ४० मिनिटं. फोटो, तीन वेळा आलेल्या "ताई, अजून थोडी मोठी होईल का" या निरोपाला उत्तरं, डबी बांधणं, टपाल, ही आणखी १५. ब्रिटनचं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला ताशी १२.७१ पाउंड. त्या दराने ५५ मिनिटांचे ११.६५. हातात राहिले ७५ पेन्स, आणि त्यातून पक्कड, दिवा, फुटलेले मोती, विमा. तेव्हा २४ ही चढी किंमत नाही, ती काठावरची आहे. तीच नथ मंडळाच्या मेळाव्यात १२ पाउंडांना देणारीचा हिशेब करून पाहा: साहित्य आणि डबी ५.२०, टेबलाचं भाडं ५० पाउंड आणि विकल्या १५, म्हणजे नथीमागे ३.३३. उरले साडेतीन पाउंड, पाऊण तासाच्या कामाचे. टेबलामागे दिवसभर उभं राहिल्याचे तास यात धरलेलेच नाहीत.

आणि तिथे कुणीतरी म्हणणारच, "तुळशीबागेत ही दीडशे रुपयांना मिळते." मिळते. तिच्याशी दराची बरोबरी करायला जाऊ नये, कारण ती हरण्याचीच शर्यत आहे. टोक घासलेलं आहे, निकेल नाही, बाजू आणि फट तुमच्या नाकाप्रमाणे, मोडली तर दुरुस्त करून मिळेल, या चार गोष्टी तुळशीबाग विलायतेत देऊ शकत नाही. ज्यांना यातलं काही नको त्यांनी दीडशेची घ्यावी, मनाला लावून घेण्याचं कारण नाही.

वेळ कमी करायचा उपाय स्वयंपाकघरातलाच. चकल्यांचा जसा घाणा काढतो तसा नथींचा घाणा काढायचा. एका बैठकीत बारा सांगाडे कापून, वळून, टोकं घासून ठेवायची. दुसऱ्या दिवशी एका ताटलीत पांढरं कापड पसरून सगळे मोती निवडायचे: छिद्र सरळ आहे ते एका वाटीत, बाकीचे दुसऱ्या. तिसऱ्या बैठकीत नुसते घोस. हत्यार बदलण्यात, मोती हुडकण्यात जाणारा वेळ वाचतो आणि ४० मिनिटांची नथ अठ्ठावीस-तिसांवर येते. यात मजा कमी होते हे खरं. दहाव्या घोसाला हात चालतो आणि डोकं रिकामं असतं. हे ज्यांना सोसत नाही त्यांनी नथी भेट द्याव्यात, विकू नयेत. त्यात कमीपणा काही नाही.

व्हिसाचं थोडक्यात. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा करता येतो. विद्यार्थी व्हिसावर येत नाही, मग तो ऑनलाइन दोन नथी विकण्याइतका का असेना. आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईनं किंवा सासूबाईंनी दुपारच्या वेळात चार नथी वळून देणं, हे घरात कितीही स्वाभाविक वाटलं तरी त्या नथी विक्रीला जाणार असतील तर पर्यटक व्हिसावर ते काम ठरतं. तीच कथा सामानाची. प्रवाशाला मिळणारी ३९० पाउंडांची सूट स्वतःच्या वापरासाठी किंवा भेटीसाठी. विकायच्या मालाचे मोती बॅगेत असतील तर ते पाव किलो असले तरी विमानतळावर जाहीर करावे लागतात.

कराचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. वर्षाची एकूण विक्री १,००० पाउंडांच्या आत असेल तर या उत्पन्नासाठी नोंदणी लागत नाही. एकूण विक्री म्हणजे खर्च, दलाली वजा करण्याआधीची. २४ च्या हिशेबाने बेचाळिसावी नथ ही रेघ ओलांडते. ओलांडली की ते कराचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत नोंदणी, आणि त्यापुढच्या ३१ जानेवारीपर्यंत विवरण आणि पैसे. खर्च कमी असेल तर प्रत्यक्ष खर्चाऐवजी सरळ १,००० पाउंड वजा करता येतात. जास्त असेल तर पावत्या दाखवून खर्च. दोन्ही एकदम नाही. लपवून राहत नाही काही, कारण वर्षाला ३० विक्री झाल्या किंवा साधारण १,७०० पाउंड गाठले की विक्रीची संकेतस्थळं स्वतःच कर खात्याला कळवतात.

डबी निवडताना सौंदर्याआधी फूटपट्टी. रॉयल मेलच्या मोठ्या पाकिटाची जाडी अडीच सेंटिमीटर. २.३ ची डबी पाकीट म्हणून जाते. तीनची गुलाबी मखमली डबी, जी सगळ्यांना आवडते, ती पार्सल ठरते आणि वरचे ७५ पेन्स गिळून आणखी मागते. डबीत नथ सुटी हलू नये; कार्डाला दोन चिरा पाडून त्यात आकडा अडकवायचा. पिशवीला सील लावावं. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. आरोग्याच्या कारणानं परत न घेण्याची मुभा मिळते ती सीलबंद वस्तूचं सील फोडल्यावर. मुळात सीलच नसेल तर ती मुभा कुठून आणणार? खास मापाने करून दिलेली नथ मात्र या हक्कातून वगळलेली आहे. युरोपात पाठवायची तर १३ डिसेंबर २०२४ पासून मालाच्या सुरक्षिततेसाठी तिथला जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो, उत्तर आयर्लंडलाही हेच लागू. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली. न्यू जर्सीच्या मावशीच्या मैत्रिणींना हे आधी सांगितलेलं बरं.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. तिथले किंवा इतर मंडळांचे गणपती, दिवाळी हे नथीचे मोठे मोसम, पण गणपतीत विकायची नथ जूनमध्ये व्हायला हवी. ऑगस्टमध्ये ऑर्डरी घेत बसलं की रात्री दोनला डोळ्यांना पाणी येतं आणि तार चुकते. इंग्रजी बाजारात टेबल मिळवायचं तर आयोजक विम्याचा कागद मागतात, बरेचदा ५० लाख पाउंडांच्या जबाबदारीचा. वर्षाचा हप्ता मात्र आवाक्यातला असतो. टेबलावर आरसा हवाच, तोही चेहऱ्याच्या उंचीला. नाकात घालून पाहायला एकच नमुना ठेवावा, आणि दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने फक्त तार पुसावी. काचेच्या मोत्यांना स्पिरिट लागलं की चकाकी निघून येते, खऱ्यांचं तेज मरतं.

संक्रांतीची हळदीकुंकवं संपली की टपालाने नथी दुरुस्तीला परत यायला लागतात. फट फाकलेली असते, कारण प्रत्येक जण ती बोटांनी उघडते. एकदा पक्कडीने मिटवून चालते, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तार त्याच जागी कडक झालेली असते, तेव्हा मिटवायला जाऊ नये. सांगाडा कापून काढायचा, घोस तसाच उचलून नव्या तारेवर घ्यायचा, टोकं पुन्हा घासायची. पंचवीस मिनिटं लागतात. तीही वहीत मांडायची, पैसे घ्यायचे असोत वा नसोत.